शेंग धरू देऊ नकोस

एफी गेडिस खुब्याच्या ऑपरेशनला गेली
तेव्हा कुंपणावरून कात्री दिली माझ्या हातात.
“रोज कापायची. एकही शेंग धरू देऊ नकोस.
शेंग धरली की वेल म्हणते, झालं माझं काम.”

मी चाळीस वर्षं फेरीबोटींची इंजिनं सांभाळली.
तेल, पट्टा, गॅसकेट, हे मला कळतं.
फूल म्हणजे शवपेटीवर ठेवायची वस्तू, एवढंच ठाऊक.

पण तिचा खटाटोप मी स्वयंपाकघरातून बघत होतो
ऑक्टोबरपासून. मिरीएवढं काळं बी,
त्याला नेलकटरने बारीकसा टवका, डोळा सांभाळून.
संडासातल्या कागदाच्या रिकाम्या नळ्या,
प्रत्येकीत एक बी, बोटाच्या पेराएवढं खोल,
आणि वरून उंदरांना शिव्या.
नावात वाटाणा आहे, पण खाशील तर मरशील,
हे मला तिने तीनदा बजावलं,
जणू मी रात्री चोरून उसळ करणार होतो.

पानांच्या दोन जोड्या आल्या, तिने शेंडे खुडले,
चिमटीत, सरसकट, एकाचीही कीव न करता.
“इथे तोडलं की खालून दोन फुटतात.”
मग बराच वेळ बंदराकडे बघत राहिली.
तिच्या रॉबीची बोट परत आली नव्हती, त्याला अकरा वर्षं झाली.
मी काही विचारलं नाही.

एप्रिलात चर. तळाला भिजवलेली वर्तमानपत्रं,
घोड्याची लीद, वर माती, हेझलच्या काठ्यांचा तंबू.
समुद्रावरून धुकं चढलं की काठ्याही दिसेनात,
तरी ती चाचपत सुतळी बांधायची,
तणाव्यांना एकेक हात दाखवायची, इथे धर, इथे.

ती गेली आणि तिसऱ्या दिवशी उमलली सगळी.
जांभळी, मेणासारखी पांढरी,
काही तर नुकत्याच चिरलेल्या सामन माशाच्या रंगाची.
वास मधाचा, संत्र्याच्या सालीचा,
आणि आंघोळ करून आलेल्या कुणाच्या तरी मानेचा.
माझ्याच्याने कापवेना.

म्हटलं, येईल तेव्हा अख्खी भिंत बघू दे तिला.
पाणी रोज घातलं. माव्यावर साबणाचं पाणी मारलं.
गोगलगायींसाठी बशीत बिअर ठेवली,
बाटलीत उरली ती मी संपवली.
कात्रीला तेल दिलं. दोनदा.

पाच आठवड्यांनी ती आली, दोन काठ्या टेकत.
वेली खालून पिवळ्या, वाळक्या कागदासारख्या,
आणि वरपासून शेंगाच शेंगा, लवदार, फुगलेल्या.
फूल म्हणाल तर एक.

ती पालथ्या बादलीवर बसली.
“माझ्यासाठी ठेवलीस?”
“हो.”
“गाढवा,” ती म्हणाली,
म्हाताऱ्या कुत्र्याला म्हणतात त्या आवाजात.
मग काठीने दाखवू लागली: ती. ती पण. मागची.
अजून ऑगस्टच लागलाय. थांबू नकोस.

दोन तास कापलं. घमेलं भरलं.
अगदी वरच्या एका शेंगेपाशी माझा हात गेला
तर म्हणाली, राहू दे ती,
एखादी लागते.

सप्टेंबरात पुन्हा आली फुलं, मोजून सात.
देठ करंगळीएवढे, एकावर जेमतेम दोन.
गावच्या प्रदर्शनात कुणी टेबलावर ठेवू दिली नसती.
मी त्याच सकाळी कापली,
अंडं ठेवायच्या कपात पाणी घातलं
आणि तिच्या दारावर कोपराने ठोठावलं,
हात भरलेले होते म्हणून.